नंदनवनचा सुरीला कूलर

"लिहून ठेवा भैयाजी! यंदा रेकॉर्ड निघन तं माह्याच कूलरची! नाही निघाली, तं दुकानाची पाटी उतरवून तुमच्या पोह्याच्या गंजावर झाकण ठेवीन!"

नंदनवनच्या चौकात, भैयाजीच्या तर्री-पोह्याच्या ठेल्यासमोर उभं राहून धर्मेंद्रनं हे जाहीर केलं, तेव्हा सकाळच होती. पण मे महिन्याची सकाळ! ऊन असं का ठेल्यावरचे कांदे चिरता चिरताच भाजून निघत होते.

भैयाजीनं तर्रीत पळी फिरवली. "पाटी राहू दे गा, मले झाकण आहे. तू फक्त जरासाक बाजूले हो. गिऱ्हाईक मागं उन्हात वाळून राहिलं."

गोष्ट अशी होती, का 'रेडिओ तर्री' नावाच्या एफएम स्टेशननं स्पर्धा काढली होती: 'सुरीला कूलर'! तिथली आरजे अश्लेषा, एका दमात सात जाहिराती बोलणारी पोट्टी, दिवसभर ओरडून राहिली होती. "नागपूर! तुमच्या घरच्या कूलरचा आवाज रेकॉर्ड करा, आम्हाला पाठवा! ज्याचा कूलर सगळ्यात सुरात, त्याच्या कूलरची निघणार खरीखुरी काळी रेकॉर्ड! थाळीएवढी! जुन्या जमान्यासारखी! फक्त अकरा नग, बारावा कोणालाच मिळणार नाही!"

अन् धर्मेंद्र तं कूलरच बनवे. 'वंदना कूलर्स' ही त्याची पाटी, बायकोच्या नावाची. टिन तोच कापे, वाळ्याच्या ताट्या तोच बसवे, पंप तोच लावे, अन् गिऱ्हाईकानं घासाघीस केली तं भांडेही तोच.

आता तुम्ही म्हणसान, एका रेकॉर्डसाठी माणूस एवढा पेटते काय? तं त्याचं कारण रामटेकले राहत होतं. कारणाचं नाव चंपतराव. धर्मेंद्रचे सासरे.

चंपतरावची धानाची शेती, भरगच्च मिशी, अन् मिशीहून भरगच्च मिजास. त्यायनं आपली एकुलती एक वंदना दिली होती पतसंस्थेतल्या क्लार्कले. लग्नाले वर्ष होत नाही तं क्लार्कनं साहेबासोबत भांडून राजीनामा फेकला अन् टिन कापायची कैची हातात घेतली! तेव्हापासून चंपतराव चारचौघात सांगत, "आमचे जवाई टिन ठोकतेत." कोणी म्हणे, "अहो, कारखानदार आहेत म्हणा नं." तं म्हणत, "हव. पत्र्याचे."

धर्मेंद्रनं हौसेनं एक नवाकोरा कूलर रामटेकले नेऊन दिला. चंपतरावनं त्याच्यात कोंबड्या ठेवल्या! "हवेशीर आहे," म्हणे.

म्हणून धर्मेंद्रले बक्षीस नको होतं, हार-तुरे नको होते. मामाजीच्या तोंडून त्याले एकदा 'वा' ऐकायचं होतं. बस. बाराखडीतलं एक अक्षर! पण तेवढं अक्षर मामाजीच्या तोंडून निघत नव्हतं.

त्याच्यात मामाजी भलतेच जुन्या रिवाजाचे. लेकीले लेकरू होईस्तोवर बापानं लेकीच्या घरी जेवू नये, हा रिवाज साऱ्यायलेच माहीत आहे. पण चंपतरावनं त्याच्यात घरची भर घातली होती: पाणी नाही, चहा नाही, अन् झोप तं बिलकुलच नाही! डोळ्याच्या डॉक्टरले दाखवायले ते नागपुरात सदरले येत, अन् ऊन उतरेस्तोवर नंदनवनात लेकीकडे बसत. पण सोबत आपला डबा, आपली पाण्याची कॅन. एकदा वंदनानं हळूच कॅनमध्ये बर्फाचा खडा टाकला, तं त्यायनं तो चमच्यानं काढून परत दिला!

रेकॉर्डिंगच्या दिवशी धर्मेंद्रनं घरात कर्फ्यूच लावला. फ्रिज बंद, भिंतीवरचं घड्याळ बंद, नळाले फडकं बांधलं.

"बांगड्याही काढून ठेव," तो वंदनाले म्हणाला.

"श्वास घेऊ का तोही बंद करू?"

"हळूहळू घे."

"मी गच्चीवर कुरड्या टाकायले चालली!" वंदनानं सोऱ्या उचलला. "तुम्ही अन् माही सवत बसा गुलुगुलु बोलत!"

धर्मेंद्रनं कूलर सुरू केला, समोर स्टुलावर मोबाइल ठेवला, रेकॉर्डिंगचं बटन दाबलं अन् हात जोडून बसला. बसला नाही तं दुकानातून पोऱ्या धावत आला का एका गिऱ्हाईकाचा पंप उलटा फिरून राहिला अन् गिऱ्हाईक सुलटं भांडून राहिलं! धर्मेंद्रनं दात-ओठ खाल्ले अन् पंजे टेकवत, मांजरासारखा, घराबाहेर पडला.

गिऱ्हाईकासोबत मनसोक्त भांडून तो वापस आला, तं दिवाणावर चंपतराव! डोक्यावर टोपी, पाठ ताठ, डोळे लालबुंद.

"मामाजी! कवा आले?"

"हे काय, आत्ताच टेकलो."

"पडले होते काय जरासेक?"

"मी?" मिशी थरथरली. "लेकीच्या घरी? डॉक्टरनं डोळ्यात दवा टाकली आहे जवाईबापू! डोळे मिटून इचार करून राहिलो होतो!"

धर्मेंद्रनं विषय वाढवला नाही. मामाजी गाडीले गेले तसा त्यानं मोबाइल कानाले लावला. पहिले नुसती घरघर. मंग जरा वेळानं...

घुर्रर्रर्र... फिस्स्स्! घुर्रर्रर्र... फिस्स्स्!

त्याच्या अंगावर काटाच आला! असा खर्ज, असा भरदार, जसा काही अंबाझरीच्या तलावात हत्ती तंबोरा लावून राहिला! अन् मंग ते नाजूक 'फिस्स्स्', जशी कुकरची लाजरी शिट्टी!

"वंदना! वंदना! ऐक! रोज ऐकून ऐकून आपले कान मेले होते वं! हा कूलर नाही, हा कलाकार आहे!"

वंदनाचे हात कुरडयीच्या चिकानं भरलेले. तिनं दुरूनच ऐकलं. "कुठंतरी ऐकल्यासारखं वाटते."

"वाटनच! आपल्याच घरातला आहे!"

त्यानं त्यातला झकास तुकडा कापला अन् पाठवून दिला.

अन् काय सांगू! खरंच पहिला आला! अश्लेषानं रेडिओवर नाव घेतलं तेव्हा भैयाजीच्या हातातली पळी तर्रीत पडली. परीक्षक एक तबल्याचे गुरुजी होते. ते म्हणाले, "ह्या कूलरात ठेका आहे. फिस्सवर बरोबर सम येते. असा कूलर घराण्यातच तयार होतो."

मंग रेकॉर्ड आली. काळी कुळकुळीत, गुळगुळीत, अन् खोक्यावर फोटो: धर्मेंद्र कूलरले मिठी मारून उभा. वरती लिहिलेलं, 'नंदनवनचा सुरीला कूलर'. अकरातला एक नग धर्मेंद्रले, बाकीचे स्टेशनच्या मोठमोठ्या पाहुण्यायले.

आता घोळ असा का रेकॉर्ड होती, पण वाजवायची कायच्यावर? साऱ्या नंदनवनात मशीन नाही! मंग धर्मेंद्रनं ती खोक्यासकट दुकानात भिंतीवर टांगली अन् हार घातला. येणारा-जाणारा चप्पल काढून हात जोडे. एका म्हातारीनं तं विचारलंही, "काय झालं होतं गा त्यायले?"

शेवटी न राहवून तो रेकॉर्ड घेऊन सदरले गेला. तिथं जुन्या सामानाच्या एका दुकानात मशीन होती. दुकानदारानं सुई ठेवली. घुर्रर्रर्र... फिस्स्स्! दुकानदारानं एक जांभई दिली, मंग दुसरी दिली, मंग गल्ल्यावर डोकं ठेवलं. "भाऊ," तो डोळे मिटून म्हणाला, "काय आहे हे? माह्या बापाची याद आली." धर्मेंद्रले वाटलं, कलेची ताकद आहे ही!

इथवर सारं मस्त होतं. मंग गिऱ्हाईकं यायले लागली.

"रेकॉर्डवाला कूलर पाहिजे!"

धर्मेंद्रनं धडाधड कूलर विकले. अन् दोन दिवसात सारे वापस! नागपूरच्या इतिहासात पहिल्यांदाच लोकं अशी तक्रार घेऊन आले होते: "भाऊ, तुमचा कूलर आवाजच नाही करत!"

"अहो, हवा कशी आहे?"

"हवा गेली खड्ड्यात! ते फिस्स कुठं आहे? आमच्या घरचे सारे बसून राहिले ऐकायले!"

धर्मेंद्रचं टाळकं सणकलं. "बिना आवाजाचा कूलर भेटला तं पेढे वाटा नं!" पण मनातून तो घाबरला. घरी येऊन त्यानं आपल्या अस्सल कूलरले कान लावला. घर्रर्र... घर्रर्र... बस! खर्ज नाही, फिस्स नाही! त्यानं स्क्रू ढिले केले, कसले, पंपात गोटी टाकली, पंख्याले चमचा बांधला. चमचा उडाला अन् कॅलेंडरवरच्या देवाच्या कपाळाले लागला.

"नजर लागली त्याले," वंदना म्हणाली. तिनं मीठ-मिरच्या ओवाळून कूलरची दृष्ट काढली. मिरच्या अंगणातल्या शेगडीत टाकल्या, तो धूर कूलरनं मस्तपैकी ओढला अन् साऱ्या घरात सोडला! दोघंही दारात बसून खोकत असताना फोन वाजला.

"धर्मेंद्रभाऊ! मी अश्लेषा! रविवारी आम्ही तुमच्या घरून लाइव्ह करणार! आधी रेकॉर्ड वाजवू, मग सगळ्या नागपूरला तुमचा ओरिजिनल कूलर ऐकवू! तुम्ही रडताय? किती साधे आहात हो!"

त्याच्यावर कडी म्हणजे रामटेकहूनही निरोप आला. मामाजी-मामी येऊन राहिले. चंपतराव गावात सांगून निघाले होते, "रेडिओ लावून ठेवा. आमच्या जवायाच्या पत्र्यात काय सूर आहेत, ते पाहूनच घेतो!"

रविवारी सकाळीच दोघं हजर. चंपतराव डबा-कॅन घेऊन दिवाणावर बसले. प्रयागबाई म्हणजे सासूबाई, त्यायले नवऱ्याचा रिवाज मंजूर नव्हता. त्या आल्या तशाच फ्रिज उघडून उभ्या राहिल्या. "लेक माही आहे, फ्रिज लेकीचा आहे. मंग ताकानं काय पाप केलं?"

चंपतराव भैयाजीच्या ठेल्यावर चहा घ्यायले गेले, तसा धर्मेंद्रनं सासूले हौसेनं मोबाइलवरचा आवाज लावून दिला. "ऐका मामी. हाच तो."

घुर्रर्रर्र... फिस्स्स्!

प्रयागबाईच्या तोंडातलं ताक बाहेरच आलं!

"अगं माय माय माय!" त्या ओट्याले धरून हसायले लागल्या. "जवाईबापू! हा कुठला कूलर? हे तं आमचे हे होत!"

"कोण हे?"

"हे म्हणजे हे! तुमचे मामाजी! माह्या जन्माचा कूलर होय हा! ते फिस्स आहे नं, ते खालचा ओठ उडते त्याचं!"

धर्मेंद्र तिथंच, ताकाच्या थारोळ्यात, बसला. त्याच्या डोळ्यासमोर सारं आलं. दवा टाकलेले लाल डोळे. "इचार करून राहिलो होतो." तबल्याचे गुरुजी. घराणं!

"तरीच मी म्हटलं, कुठंतरी ऐकल्यासारखं वाटते!" वंदना ओरडली.

"तं तवाच काहून नाही सांगितलं?"

"लहानपणापासून भिंतीआडून ऐकलं मी ते! असं समोरून कधी ऐकलं होतं?"

"मी मेलो!" धर्मेंद्रनं डोकं धरलं. "कूलर वाजला नाही तं दुकान गेलं. अन् खरं सांगितलं तं मामाजी गेले! साऱ्या रामटेकात होईन का लेकीच्या घरी घोरले! त्यायच्या तोंडून वा तं दूरच, ते माह्या तोंडाकडे नाही पाहणार!"

प्रयागबाईनं पदरानं तोंड पुसलं. बाई मोठी पक्की. "रडू नका. तुमचा कूलर खिडकीच्या बाहेरून लावला आहे नं? लोकं अंगणात, कूलरच्या मागं. अन् आत, कूलरच्या समोर, दिवाण. मंग? त्या दिवाणावर यायले झोपवलं का झालं!"

"पण झोपतीन कसे? इथं तं ते शपथ घेऊन जागे राहतेत!"

"डबा मी भरला आहे. आपल्याच झाडाच्या आंब्याचा रस, आपल्याच घरच्या पुऱ्या. लेकीचा एक दाणा नाही. रिवाजाले काहूनच धक्का लागन?"

चंपतराव आले, अन् आपल्याच डब्यातून तीन वाट्या रस प्यायले. डोळे जड झाले, मान डुलली. धर्मेंद्रनं देवाले नारळ कबूल केला. अन् तेवढ्यात अंगणात रेडिओ तर्रीची गाडी भोंगा वाजवत आली! चंपतराव टक्क जागे!

"मले बाहेर जाऊ दे, रेडिओवाली पाहाची आहे!"

"बाबा, ऊन लागन!" वंदनानं दार लावलं. "इथूनच ऐका!"

बाहेर सारं नंदनवन लोटलं होतं. भैयाजीनं तं ठेलाच अंगणात आणला होता. कूलर वापस केलेले लोकं पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. अश्लेषानं माइक कूलरच्या ताटीजवळ धरला. "नमस्कार नागपूर! मी तुमची अश्लेषा, लाइव्ह नंदनवनातून! रेकॉर्ड नंतर, आधी साक्षात कलाकार! धर्मेंद्रभाऊ, करा सुरू!"

धर्मेंद्रनं बटन दाबलं.

घर्रर्र... घर्रर्र... घर्रर्र...

लोकं एकमेकांकडे पाहायले लागले. "फिस्स कुठं आहे बे?" पहिल्या रांगेतून आवाज आला.

"थांबा नं!" धर्मेंद्र घाम पुसत म्हणाला. "कूलर आहे तो! गरम तं होऊ द्या!"

"कूलर गरम होऊ देऊ?" भैयाजीनं विचारलं. "मंग माह्या गंजात अन् त्याच्यात फरक काय?"

आत चंपतराव दाराशी झटापट करून राहिले होते. तेव्हा प्रयागबाईनं आपलं शेवटचं हत्यार काढलं. त्या दिवाणावर बसल्या अन् मायेनं म्हणाल्या, "अहो, बसा जरा. घरची कामं सांगायची आहेत. गोठ्याच्या छपराचे कवेलू फेरायचे आहेत..."

चंपतराव दिवाणावर टेकले.

"...मोटरीले मिस्त्री आणायचा आहे. आटाचक्कीवर गहू न्यायचा आहे..."

टोपी कलली.

"...अन् मौद्याले माह्या बहिणीकडे जायचं राहिलं आहे, ते..."

घुर्रर्रर्र... फिस्स्स्!

अंगणात असा जल्लोष झाला, जशी काही नागपूरनं मॅच जिंकली! कूलरच्या पत्र्यातून तो आवाज आणखीच घुमून येत होता. पहिल्या रांगेच्या हाताच्या घड्या सुटल्या. "हाच! हाच तो!" अश्लेषा माइकात किंचाळली, "ऐका नागपूर! काय खर्ज! काय फिस्स!" धर्मेंद्रनं छाती फुगवली, कॉलर ताठ केली, कूलरच्या टपावर हात ठेवून फोटोले उभा राहिला.

अन् लाइट गेली.

पंखा हळूहळू थांबला. पंप थांबला. ताट्यायमधून पाणी टपटप गळलं अन् तेही थांबलं. साऱ्या अंगणात शांतता.

घुर्रर्रर्र... फिस्स्स्! घुर्रर्रर्र... फिस्स्स्!

अश्लेषाची गाडी बॅटरीवर होती. तिचा माइक चालूच. "नागपूर..." तिनं माइक ताटीच्या आणखी जवळ नेला. "इथे लाइट गेली आहे. पंखा बंद आहे, मी डोळ्यांनी बघतेय. पण आवाज... आवाज चालू आहे!"

"बिनलाइटचा कूलर!" भैयाजीनं पळीच उचलली. "बिनलाइटचा कूलर काढला रे ह्या पोट्ट्यानं!"

"मले एक!" "माह्यासाठी दोन!" "भाऊ, पहिले मी होतो बे!" लोकं धर्मेंद्रवर तुटून पडले. कोणी त्याचा सदरा ओढे, कोणी हात. एकानं विचारलं, "हे चालते कसं?"

"ते... ते काय आहे..." धर्मेंद्रनं सदरा सोडवून घेतला. "याच्यात आवाज साठून राहते. इन्व्हर्टरसारखा!"

पण आत हवा बंद झालेली. मेची दुपार, बंद दार, पोटात तीन वाट्या रस! घुर्रर्रची गती वाढली. घुर्र-फिस्स! घुर्र-फिस्स! घुर्र-घुर्र-घुर्र... खॉक्क! अन् मंग कूलरच्या पोटातून, साऱ्या नागपुरात लाइव्ह, एक डरकाळी आली.

"कोणं बंद केला बे कूलर!"

अंगणातले लोकं दोन पावलं मागं सरले.

"कूलर बोलला," भैयाजी म्हणाला, अन् त्यानं पायातल्या चपला काढल्या.

धाडकन दार उघडलं. चंपतराव बाहेर आले. टोपी कानावर, मिशी एका बाजूले वर, अन् गालावर दिवाणाच्या चादरीची सारी नक्षी उमटलेली, मोरासकट! मागं पदर तोंडात कोंबलेल्या प्रयागबाई अन् रडकुंडीले आलेली वंदना.

अश्लेषानं गालावरचा मोर पाहिला. मंग थांबलेला कूलर पाहिला. मंग धर्मेंद्रचं तोंड पाहिलं, जे उन्हात ठेवलेल्या लोण्यासारखं होऊन राहिलं होतं. पोट्टी हुशार! सारं समजली. ती माइक घेऊन सरळ चंपतरावपुढं गेली.

"काका, तुम्ही आत झोपला होता का?"

धर्मेंद्रनं डोळे मिटले. अख्खं रामटेक रेडिओ लावून बसलं होतं!

"झोपलो?" चंपतराव कडाडले. "लेकीच्या घरी? ओ बाई, आमच्या खानदानात असं कोणी केलं नाही! मी इचार करून राहिलो होतो!"

"कशाचा?"

चंपतरावनं कानावरची टोपी सरळ केली. "गोठ्याच्या कवेलूचा!"

आता मात्र धर्मेंद्रले राहवलं नाही. एकीकडे बिनलाइटच्या कूलरसाठी ओढाताण करणारे लोकं, दुसरीकडे मामाजी. हे खोटं आता त्याच्या पत्र्यात मावणारं नव्हतं. तो पुढं झाला. "मामाजी, मले तुम्हाले एक खरं सांगायचं आहे. ही रेकॉर्ड..."

"हव, रेकॉर्ड!" चंपतराव उसळले. "तिच्यासाठीच तं आलो एवढ्या दुरून! लावा पहिले! अन् तुम्ही चूप बसा, मले ऐकू द्या!"

अश्लेषाजवळ बॅटरीवरची मशीन होती. तिनं एकदा धर्मेंद्रकडे पाहिलं, एकदा आकाशाकडे पाहिलं, अन् सुई ठेवली.

घुर्रर्रर्र... फिस्स्स्! घुर्रर्रर्र... फिस्स्स्!

चंपतरावनं कान पुढं केला. भुवई वर गेली. मान हलली. मंग मांडीवर हात पडला, फिस्सच्या बरोबर समेवर! वंदनानं बापाकडे पाहिलं, धर्मेंद्रनं जमिनीकडे.

"वा!"

धर्मेंद्रनं मान वर केली. आपण बरोबर ऐकलं काय?

"वा जवाईबापू, वा!" चंपतराव पुढं आले अन् त्यायनं साऱ्यायसमोर जवायाच्या पाठीवर अशी थाप मारली का धर्मेंद्र कूलरले जाऊन धडकला. "याले म्हणतेत आवाज! काय भरदार! काय दम! अस्सल मर्दाचा आवाज वाटते! अहो, टिन समजत होतो मी तुमच्या धंद्याले. माफ करा. असाच कूलर मले पाहिजे. रामटेकले. हाच आवाज, उन्नीस-बीसही फरक नको!"

"मामाजी, पण तो आवाज म्हणजे..."

मागून प्रयागबाईनं त्याले असा चिमटा काढला का वाक्य तिथंच मेलं. त्या कानात म्हणाल्या, "घ्या मुकाट्यानं! जन्मात पहिल्यांदा त्यायनं कोणाची तारीफ केली जवाईबापू. तेही स्वतःचीच!"

अश्लेषानं माइकात गोड आवाजात सांगितलं, "तर नागपूर, हा कूलर एकच! असा दुसरा बनणार नाही! कृपया कोणी ऑर्डर देऊ नका!" अन् माइक बंद करून धर्मेंद्रजवळ येऊन हळूच म्हणाली, "भाऊ, तुमची सोडून बाकीच्या दहाही रेकॉर्ड मोठ्या लोकांना वाटून झाल्यात. तुम्ही गप्प, मी गप्प. काकांना मात्र सर्दी होऊ देऊ नका."

तं अशा तऱ्हेनं धर्मेंद्रले त्याचं अक्षर भेटलं. एक मागितलं होतं, तीन भेटले. आठवड्याच्या आत त्यानं रामटेकले जाऊन चंपतरावच्या खाटेजवळ झकास नवा कूलर लावला, तिन्ही बाजूनं वाळ्याच्या ताट्या लावून. चंपतरावनं साऱ्या गल्लीले बोलावून दाखवला. "आमच्या जवायानं बनवला!" धर्मेंद्र परत आला तो जमिनीपासून वीतभर वरूनच चालत. भैयाजीले म्हणाला, "माणसाले इज्जत कमवावी लागते भैयाजी, ती अशी फुकट भेटत नाही!"

चार दिवसांनी फोन आला.

"जवाईबापू, मी बोलून राहिलो, रामटेकहून."

"बोला मामाजी! कसा आहे कूलर?"

"हवा एक नंबर. पण तुमच्या कूलरात काहीतरी लोचा आहे. दिवसभर मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसतो, तं आवाजच नाही! कान लावला, थापडा मारल्या, फिस्स नाही का काही नाही. अन् तुमची मामी म्हणते का माहा डोळा लागला का मस्त वाजते! शेजारचे म्हणतेत, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येते. म्हणजे साऱ्या गावानं ऐकलं, एका मालकालेच नाही! अन् मी उठून बसलो रे बसलो, का बंद!"

धर्मेंद्रनं फोन दुसऱ्या कानाले लावला.

"ते वायरिंगचं काही असन मामाजी..."

"तेच म्हणतो मी! वारंटीत आहे नं? मंग येऊन दुरुस्त करा. मले जागेपणी ऐकू आला पाहिजे. नाही तं परत न्या तुमचं ते टिन!"